अडलेली चढाई

“आई, इथेच अडतंय,” लेक म्हणाली. मी तरुणपणी खेळलेला कबड्डीचा अंतिम सामना टीव्हीवरून कॉम्प्युटरवर उतरवलेला. फाइल खराब झाल्यापासून दरवेळी मी शेवटच्या चढाईला मध्यरेषा ओलांडते आणि चित्र थिजतं.

“असू दे ना तिथेच,” हे म्हणाले. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला हे इथवर दाखवतात आणि पुढचं तोंडी सांगतात, “मग काय, हिने सामना मारला!”

“मारला नाही, हरले. दुरुस्त कर गं.”

लेकीने आधी फाइलची कॉपी काढून ठेवली, मग दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवला. चहा गार झाला. अखेर चित्र हललं. मधूनच त्याचे चौकोन होत होते, पण दिसत होतं. मी एकीला शिवून वळले आणि कुणीतरी घोटा धरला, मग बाकीच्या साऱ्याजणी अंगावर पडल्या. तशीच फरफटत रेषेकडे निघाले. दम तुटला तेव्हा बोटं रेषेपासून वीतभर लांब होती.

ह्यांनी मान खाली घातली. “उगाच काढलंत हे.”

“मान वर करा,” मी म्हणाले, “आणि नीट बघा. मला पाडायला अख्खा संघ अंगावर आलाय. यापुढे पाहुण्यांना इथपर्यंत दाखवायचं.”