बारशाचे धपाटे

कितीतरी वर्षांनी गावात पाळणा हलणार होता. बाळाचा बाप फवारणीच्या वर्षी परदेशात होता, म्हणूनच हे बाळ झालं. हा संबंध फक्त डॉक्टर हेमांगी तायडेला माहीत होता.

"बाळाला आत्या नाही. कानात नाव तुम्हीच सांगा, मॅडम," बाळाची आजी शेवंताबाई म्हणाली. "तुमच्या औषधानं उंदीर संपले, म्हणून घरात दाणा राहिला."

ते औषध उंदरांच्या घडत्या शुक्रपेशींच्या आवरणावरचं एक प्रथिन कायमचं बंद पाडायचं, मग त्यांना पिल्लंच होत नसत. माणसांत ते प्रथिन नाही, असं हेमांगीनंच ठासून सांगितलं होतं. तिनं तपासलेला माणसाचा एकुलता नमुना एका म्हाताऱ्याचा होता. त्याच्यात शुक्रपेशी घडणंच थांबलं होतं, मग प्रथिन दिसणार कुठून? हे तिच्या लक्षात आलं, तोवर गावोगाव फवारणी झाली होती. तेव्हापासून ती गप्प होती.

तिनं वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं. रीतीप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीवर धपाटे घातले. कूस रिकामी राहिलेल्या त्या बायका अगदी हलक्या हातानं, कौतुकानं मारत होत्या.

"जोरात मारा," हेमांगी म्हणाली.

सगळ्याजणी खळखळून हसल्या.