एकशे साठ ग्रॅम

“झारा तीनदाच का आपटता?” पुष्करने विचारले.

“चौथ्यांदा आपटला की खालच्या मजल्यावरची म्हातारी शिव्या घालते,” कमलाबाई म्हणाल्या.

पुष्करने वहीत लिहिले : झारा, तीन वेळा.

चिंचपोकळीच्या त्या चाळीत एकाच मजल्यावरच्या पाच खोल्यांत पाच बायका तळलेल्या पोह्यांचा चिवडा करीत. पोहे कंपनीचे, तेल कंपनीचे, हात त्यांचे. कंपनी मुळात पामतेलाची. मलेशियातल्या बागा, बंदरावरची रिफायनरी आणि अलीकडे हा चिवडा. सगळीकडे तिचा नियम एकच होता. ज्याच्याकडे सर्वांत कमी तेल खर्ची पडते, त्याचा आकडा हाच बेंचमार्क. उरलेल्यांनी तो गाठायचा किंवा बाजूला व्हायचे.

कमलाबाईंना किलोभर पोह्यांना एकशे साठ ग्रॅम तेल लागे. तिघींना दोनशे दहाच्या आसपास. शेवटची खोली कालिंदीची. तिचा आकडा दोनशे वीस. येत्या शुक्रवारपर्यंत तो उतरला नाही, तर तिची कढई उतरणार होती. त्या कढईवर तिच्या मुलीच्या नर्सिंगची दोन वर्षे तरंगत होती.

कंपनीचा माणूस म्हणून पुष्कर रोज सकाळी तेल तोलून देई आणि संध्याकाळी उरलेले तोलून घेई. आकडा खोटे बोलत नाही अशी त्याची श्रद्धा होती, आणि कुठल्याही श्रद्धाळू माणसाप्रमाणे तो आपल्या देवाला उलट प्रश्न विचारीत नसे. कमलाबाईंच्या कढईशेजारी दोन दिवस बसून त्याने सात पाने भरली. आच किती, मूठ केवढी, झारा किती अंशांत कलतो. ती पाने त्याने चौघींना वाटली. चौघींनी ती निमूट वाचली. कालिंदीनेही झारा तीनदा आपटला. तिच्या खोलीखाली तर कुणी राहतही नव्हते.

“कमलामावशी, असं आपटून तेल कमी होतं?” तिने हळूच विचारले.

“होईल गो. साहेब एवढे खपतायत ना? त्यांच्यावर सोड.”

चिवडा रात्रभरात मऊ पडतो का, हे पाहणेही पुष्करच्या कामात होते. म्हणून तो संध्याकाळी त्या चौघींकडून चिवड्याचा एकेक स्टीलचा डबा गिरगावात घरी नेई. आई चिवडा परातीत काढून ठेवी, डबे घासून, झाकणे घट्ट लावून पिशवीत भरी. सकाळी तेल तोलून झाले की तो जिचा तिला डबा परत करी. संध्याकाळची भरली पिशवी आणि सकाळची रिकामी पिशवी खांद्याला सारखीच जड लागे. पण तो ग्रॅममध्ये मोजणारा माणूस. खांद्याचे कोण ऐकतो.

मंगळवारी आकडे हलले. बुधवारी कालिंदी एकशे ऐंशीवर आली. शुक्रवारी संध्याकाळी पुष्करने तिच्या कढईतले तेल तोलले. एकशे अठ्ठावन्न. कालिंदीने पदराने तराजूचे पारडे पुसले, देवाची मूर्ती पुसावी तसे.

कंपनीच्या परळमधल्या काचेच्या इमारतीत, जिथे पूर्वी गिरणीचा भोंगा वाजे, हर्षवर्धनसाहेबांनी तक्ता दोनदा पाहिला. “पुढच्या महिन्यापासून हाच आकडा आपल्या चाळीसही कढयांना. आणि तूच जायचंस, पुष्कर. तुझ्या हाताला गुण आहे.”

घरी येताच त्याने आईला सगळे सांगितले. सात पाने, तीन वेळा, चाळीस कढया.

“छान झालं,” आई म्हणाली. “उद्या तेल आण. दिवाळीला तुझ्या कंपनीने दिलेला कॅन संपला.”

“पाच लिटरचा? अगं, सोमवारी तर सील फोडलंस.”

“रोज चार डबे. रिकामे कसे पाठवायचे? माणुसकी आहे की नाही? त्यातून त्या बाईंनी पहिल्याच दिवशी एका डब्यात चिठ्ठी घातली होती.”

फ्रिजवर चुंबकाखाली अडकवलेला कागद तिने काढून दिला. अक्षर ठसठशीत होते.

‘ताई, नमस्कार. रोज पहिल्या घाण्याची वाटी मी चौघींकडे धाडते. वाटी कोणी रिकामी परत करत नाही. कढईवाल्या सगळ्या, घालणार काय, तेलच घालतात. तुमच्याकडे डबे येतील, तुम्हीपण तेच घाला. साखर नको. कालिंदीचा हात सैल आहे, वाटी काठोकाठ भरते. तिच्या डब्यात थोडं जास्त घाला. साहेबांना त्रास नको, त्यांना सांगू नका. कमला.’

पुष्कर खुर्चीत बसला. मनातल्या मनात त्याने त्या चार वाट्या कमलाबाईंच्या खर्चात मिळवल्या आणि चौघींच्या खर्चातून वजा केल्या. पाचही आकडे दोनशेच्या आसपास येऊन शेजारणींसारखे एका ओळीत बसले. सात पानांतला झारा त्याच्या कानात तीनदा आपटला.

टेबलावरचा फोन उजळला. हर्षवर्धनसाहेब. ‘सोमवारी कुठल्या चाळीपासून सुरुवात?’

खरे सांगितले, तर पहिली कढई कालिंदीची उतरणार होती. दुसरी त्याची स्वतःची.

त्याने फोन पालथा ठेवला. परातीतला मूठभर चिवडा तोंडात टाकला. कुरकुरीत होता.

“मग उद्या एक कॅन आणतोस ना?” आईने स्वयंपाकघरातून विचारले.

“एकाने नाही भागायचं, आई.”