बेकरीमागची जागा

"अजून खाली सरक, टोपी दिसतेय तुझी," गाडी चालवता चालवता मार्लीन नवऱ्याला म्हणाली.

एल्डन सीटखाली शिरायचाच काय तो बाकी होता. तो कामाला असलेल्या मोटारींच्या कारखान्यातच जोडलेली त्याची गाडी तिसऱ्यांदा गॅरेजात पडली होती. बायकोच्या जपानी गाडीतून अमेरिकेतल्या फ्लिंटच्या कामगार युनियनच्या हॉलवर जायचं म्हणजे विषाची परीक्षा. मागच्याच महिन्यात तिथं कामगारांनी अशा एका गाडीच्या काचा फोडल्या होत्या. त्यात आजची सभा कशाबद्दल, तर जपानी गाड्यांचा खप किती वाढला, आपला किती घसरला आणि आपला कारखाना राहणार की जाणार.

"हॉलसमोर नको गं बाई! बेकरीमागं घे. तिकडं कुणी फिरकत नाही."

बेकरीमागं पाय ठेवायला जागा नव्हती. ओळीनं जपानी गाड्या उभ्या होत्या. शेवटच्या गाडीतून युनियनचे अध्यक्ष डेल उतरत होते, काखेत खपाच्या आकड्यांची फाईल.

एल्डननं काच खाली केली. "डेल, कारखाना टिकेल ना आपला?"

डेलनी त्या ओळीकडं एकदा पाहिलं. मग परत आत बसून आपली गाडी हातभर पुढं घेतली.

"लाव," ते म्हणाले, "बसेल तुझीही."