हिरवा स्वेटर

"माझा चहा कुणी प्यायला?"

डिम्फनाच्या या आरोळीला आयर्लंडमधल्या बॅलीनारा गावच्या नाट्यमंडळात आजवर कुणी उत्तर दिलं नव्हतं. तिनेही कधी उत्तराची वाट पाहिली नव्हती. पडद्याच्या दोरीला दोनदा थोपटायचं, चष्मा कपाळावर चढवायचा, ओरडायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. हल्ली मात्र तिच्या मागोमाग एक बाई फिरत होती.

"पायात येऊ नकोस गं."

"नाही येत," म्हणत ओर्ला दोन पावलं मागे सरकली.

पंधरवडाभर हेच चाललं होतं. मंडळाचा अध्यक्ष फिन्टन नेपथ्याची सुतारकीही करायचा. त्यानेच हिला गॉलवे शहरातून आणलं. "ही ओर्ला. तिकडे नाटकाची कामं करते. तुझ्याबरोबर राहील, तू काय काय करतेस ते बघेल," एवढंच बोलून तो घाईघाईने करवत शोधायला गेला.

डिम्फना काही दूधखुळी नव्हती. हॉलचं आरक्षण, तिकिटं, खुर्च्या, मध्यंतरातले चहा-सँडविच, रुसलेले नट, सगळं तिच्या एकटीच्या डोक्यावर. नवरा गेल्यापासून तर हा हॉल आणि त्याची चहाची मागची खोली म्हणजेच तिचं घर झालं होतं. आणि आता म्हातारी झाली म्हणून तिच्या घरात सवत आणून बसवली होती.

तरी शिकवताना तिने हातचं राखलं नाही. ओर्लाची तऱ्हा मात्र निराळीच. तिकिटांचं समजावायला घ्यावं, तर हिची नजर डिम्फनाच्या हातांवर. प्रश्नही भलतेच.

"तुम्ही रागावलात की आधी चष्मा वर करता, की आधी ओरडता?"

"तुला हॉल सांभाळायचाय की माझं लग्न जमवायचंय?"

ओर्ला खळखळून हसली. हसली की ती गोड दिसे, हीच तर पंचाईत होती. धड रागावताही येत नव्हतं.

नव्या नाटकात काय आहे हे डिम्फनाला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं. तरुणपणी पहिल्याच नाटकाची तालीम तिने चोरून पाहिली आणि प्रयोगाच्या दिवशी नायकाला गालगुंड झालं. तेव्हापासून तिचा नेम होता की पडदा उघडेपर्यंत नाटकाची गोष्ट ऐकायची नाही आणि रंगमंचाकडे पाहायचं नाही. सगळं गाव तिचा हा नेम पाळायचं. पोस्टरवरसुद्धा नुसतं 'नवं नाटक' छापायचे.

या वेळी फिन्टनने तिच्याकडे मागितलेलं सामान तरी काय? एक मोडकं स्टूल, काळवंडलेली किटली आणि दोरीचं एक भेंडोळं.

"गरिबांचं नाटक दिसतंय," ती म्हणाली. फिन्टनला एकाएकी खोकला आला.

प्रयोगाच्या संध्याकाळी हॉल खच्चून भरला. मागे भिंतीला टेकूनही लोक उभे होते. रंगमंचाकडे पाठ करून डिम्फना विंगेत उभी होती, तेवढ्यात ओर्ला आली.

"तुमचा हा हिरवा स्वेटर आजच्यापुरता द्याल?"

म्हणजे आजपासूनच हॉल हिचा, डिम्फनाने ओळखलं. तिने स्वेटर काढून दिला. मग गळ्यातला किल्ल्यांचा जुडगाही काढून ओर्लाच्या गळ्यात घातला.

"मोठी किल्ली अडते. दार जरा उचलून फिरव. आणि थंडीत म्हाताऱ्यांना हीटरजवळ बसव. मागायला लाजतात ते."

ओर्लाचे डोळे भरले. "डिम्फना, मी हे मागितलं नव्हतं."

"तू मागेपर्यंत मी थांबले असते, तर मलाच लाज वाटली असती. जा, कामाला लाग."

ओर्ला गेली ती गेलीच. ऐन पडद्याच्या वेळी गायब! कसं जमायचं हिला, म्हणत डिम्फनाने कपाळाला हात लावला आणि सवयीने स्वतःच घंटा वाजवली. स्वेटर नसल्याने तिला थंडी वाजत होती. फिन्टनने आपला कोट तिच्या खांद्यांवर टाकला.

"नाटक संपलं की किल्ल्या आठवणीने परत घे," दोरी ओढता ओढता तो म्हणाला. "उद्या सकाळी हॉल कोण उघडणार? मी?"

डिम्फना गर्रकन वळली. पडदा वर गेला होता आणि उजेडात तिचीच मागची खोली उभी होती. मोडकं स्टूल, काळवंडलेली किटली, खुंटीला टांगलेली दोरी. अंगात हिरवा स्वेटर, गळ्यात किल्ल्या अशी ओर्ला तरातरा आत आली. दोरीला दोनदा थोपटून तिने चष्मा कपाळावर चढवला आणि डिम्फनाच्याच आवाजात ओरडली, "माझा चहा कुणी प्यायला?"

आणि अख्ख्या हॉलने एका सुरात उत्तर दिलं, "आम्ही!"