गुडघ्यातला ढ

"ताई, गुडघ्यात ड असतो, ढ नव्हे."

सांधेदुखीच्या चर्चामंचावर माझ्या 'नलूताईं'ना हे उत्तर आलं आणि मी चरकलो. अशा मंचांवर खोट्या नावांनी शिरून गिऱ्हाइकांच्या मालाची तारीफ करणं हा माझा धंदा. नलूताई, निवृत्त हवालदार, पैठणच्या आजी, तिघंही मीच. तिघांचेही 'गुढघे' एकाच तेलानं बरे झाले होते.

उत्तराखाली अण्णांचं नाव होतं. माझे वडील. जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासली त्यांनी. लहानपणी माझी वही बघून म्हणायचे, "गुडघ्यात ढ नाही रे, ढ तू आहेस!"

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "त्या ताई आणि ते हवालदार एकाच शाळेत होते काय रे?"

मी समोरचा लॅपटॉप मिटला.

"पोट भरतं त्यावर?"

"भरतं, अण्णा."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

रविवारी घरी गेलो. अण्णा भिंतीला धरून दारापर्यंत आले. खिडकीत त्या तेलाची बाटली होती, सीलसुद्धा न तोडलेली. मी विषय काढायला गेलो, तर "चहा टाकतोस का?" म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं. मीही मग चहाच टाकला.

परतीच्या एसटीत सवयीनं मंच उघडला. अण्णांनी लिहिलं होतं, "मीही हेच तेल लावतो. माझे गुढघे आता मुळीच दुखत नाहीत."

खाली नाव त्यांचं होतं. ढ माझा होता.