मिशाळकाकांचं पॅकेज

"काका, तुमचा तो प्रोग्राम जगात कुत्रंही वापरत नाही. लावा मिशीची पैज!" शेजारचा सलूनवाला म्हणाला.

मिशाळकाकांना ते भलतंच झोंबलं. चित्र नाही, बटण नाही, नुसत्या अक्षरांचा ईमेल प्रोग्राम; तो लिनक्सच्या सगळ्या तऱ्हेच्या कॉम्प्युटरांवर नीट बसावा म्हणून त्याचं पॅकेज, म्हणजे बसवायला तयार गाठोडं, बांधायचं आणि फुकट वाटायचं, यात त्यांची बारा वर्षं गेली होती.

ठरलं असं, की नव्या पॅकेजमध्ये काकांनी मुद्दाम खोट ठेवायची. महिन्याभरात एकाने जरी तक्रार केली तर सलूनवाल्याची मिशी जाणार, नाहीतर काकांची मिशीही जाणार आणि पॅकेजचं कामही.

"खोट कसली ठेवू रे?"

"साधीशीच ठेवा की. मेल येऊ द्या, जाऊ देऊ नका."

महिनाभर काका इनबॉक्सला डोळे लावून बसले. कुणाची एक ओळ आली नाही. रविवारी अख्ख्या बिल्डिंगसमोर त्यांनी पडेल आवाजात काम सोडल्याचं जाहीर केलं आणि सलूनच्या खुर्चीत बसून मिशी उतरवून घेतली.


टॉवेल झटकताना सलूनवाला त्यांच्या कानाशी वाकला, "काका, तक्रारीचा मेलसुद्धा लोक तुमच्याच प्रोग्राममधून पाठवतात ना हो?"