टेकडीवरचा देवराव

रितिकाचं लग्न झालं त्याच उन्हाळ्यात तिची थोरली बहीण हिमानी कुहीच्या पलीकडच्या राखीव जंगलात मँगनीज शोधत होती. बहिणीच्या लग्नात हातावर काढलेली मेंदी पुसट व्हायच्या आत हिमानी हातोडा घेऊन टेकडी चढली. सरकारी पथकाची सूत्रं पहिल्यांदाच तिच्याकडे आली होती. टेकडीत माल निघाला तर खाण होणार आणि पायथ्याच्या गावाची मोहाची झाडं जाणार, हे गावालाही ठाऊक होतं.

तरी गावाने तिला चहा पाजला, वाट दाखवायला एक म्हातारे सोबत दिले. ती त्यांना बाबा म्हणे. बाबा मोठे बोलके. अस्वल कुठे बसतं, मोर कुठे नाचतो, सारं सांगत.

मँगनीजच्या काळ्या दगडाचा पट्टा चढत चढत थेट एका दगडांच्या ढिगाखाली शिरला. हिमानीने तिथेच चर खणायला सांगितलं. गावच्या मजुरांनी कुदळी खाली ठेवल्या.

बाबांनी समजावलं, हा देवरावचा ढीग. मोहफुलं वेचायला आला, वाघाने नेला. नुसतं धोतर सापडलं. तेव्हापासून येणारा-जाणारा इथे एक दगड ठेवतो. बोलता बोलता बाबांनीही एक ठेवला, नीट बसवून.

घरच्यांची परवानगी मिळेल का, असं हिमानीने विचारलं.

"त्याच्या बायकोलेच इचारा ना, बाई. ते पाहा, तुळसाबाई भाकरी घेऊन येऊन राहिली."

तुळसाबाईने टोपली उतरवली, हिमानीचं म्हणणं ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलू लागले. हिमानीला फार वाईट वाटलं.

"मी काय सांगू, बाई," तुळसाबाई कशीबशी म्हणाली. "त्यायची जागा हाय. त्यायलेच इचारा."

हिमानीने बूट काढले, ढिगापुढे हात जोडले, डोळे मिटले.

"ढीग राहू द्या," ती म्हणाली. "खालच्या अंगाला खणू."

खाली गारगोटीच गारगोटी निघाली, काळा दगड नावाला. इथे खाण परवडणार नाही, असं तिने अहवालात लिहिलं. निघताना तुळसाबाईने रितिकासाठी मोहाचे लाडू बांधून दिले, आणि बाबांनी जीपपर्यंत हिमानीची पिशवी धरली.

हिमानीला जंगल दाखवणारे ते बाबा, देवराव, पुढच्या होळीच्या दुसऱ्या दिवशी आपल्या घरी, खाटेवर, झोपेतच वारले.